कप्पी आधी, वजन मागाहून

चारोटी नाका सोडून महामार्गाने अच्छाडच्या सीमेकडे निघालं की दोन्ही बाजूंच्या अंगणांत अधूनमधून एक चमत्कारिक वस्तू उभी दिसते. लोखंडी पाइपांचे फाकलेले चार पाय, वर आडवा गर्डर, खाली कधी चाकं तर कधी विटा. नवख्या माणसाला वाटतं, पोरांनी गोलपोस्ट केलंय. जाणकार आधी गर्डरच्या मधोमध बघतो. तिथे साखळी लोंबत असली की समजायचं, ह्या घरातला कर्ता पुरुष कुठल्या तरी कंपनीत फिटर होता किंवा आहे, आणि घरातली बाई ह्या वस्तूला कंटाळलेली आहे. वस्तूचं नाव घोडी.

घोडी बाजारात तयार मिळते. पण डहाणू-तलासरीत तयार घोडी आणणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती नजर कुणाला परवडत नाही. ‘पैसे जास्त झाले का रे?’ एवढंच विचारतात, पण त्यात सगळं येतं.

ह्यामागे भूगोल आहे आणि थोडा कायदाही. २० जून १९९१ ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आणि इथे कुठले कारखाने चालतील, कुठले नाहीत, ह्याच्या याद्या लागल्या. चिकूच्या वाड्यांना दिलासा मिळाला. पण माणसाला कामधंदा लागतोच, आणि राज्याची हद्द ओलांडली की लगेच उंबरगाव, पुढे वापी. कारखाने तिकडे उभे राहिले आणि फिटर इकडे राहायला. आता वीस-पंचवीस वर्षं लोखंडात घालवलेला माणूस संध्याकाळी घरी येताना भाजी आणेल, तसा भंगारवाल्याकडून एखादा गिअरही आणेल. पावती घेऊन आणतो, हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर आमचे मामा, तेही फिटरच, रागावतील.

शिवाय दाराशी महामार्ग. ट्रकखाली स्टेपनी वर-खाली करायची एक चरखी असते. तिची साखळी निघाली, गिअर झिजला की ड्रायव्हर ती गॅरेजवाल्याच्या गळ्यात मारतो. पुढे तीच चरखी कुणाच्या तरी माळ्यावर भाताची पोती चढवताना दिसते. इथल्या भंगाराला मरण नाही, नुसत्या बदल्या असतात.

मामांची घोडी मी अगदी हात लावून पाहिली आहे. पाय बोअरमधून निघालेल्या जुन्या जीआय पाइपचे. पाइप २० फुटी येतो; दोन पाइप घेतले, प्रत्येकाला एक काप दिला, की १० फुटांचे चार पाय. घोडीची उंची १० फूटच का, ह्याचं दुसरं कुठलंही शास्त्रीय कारण नाही. वरचा आय-गर्डर वापीच्या एका बंद पडलेल्या शेडमधला, किलोवर घेतलेला. त्यावर जुन्या मालकाच्या नावाची तीन अक्षरं अजून वाचता येतात, बाकीची वेल्डिंगमध्ये गेली. चाकं हातगाडीची. त्यांतलं एक बोटभर लहान आहे, त्याच्याखाली शहाबादी फरशीचा एक तुकडा कायमचा ठेवलेला असतो. घोडी हलवली की आधी तो तुकडा शोधायचा, हा घरातल्या नातवंडांचा आवडता खेळ. आणि गर्डरला टांगलेली चेनकप्पी एक टनी. एक टनी हे मामांचं म्हणणं. तिच्या अंगावरचा शिक्का रंगाच्या चार थरांखाली गेला आहे.

खरं तर ह्या उद्योगात दोनच आकडे लागतात. उचलायचं किती, आणि पेलवेल किती. माझ्या पाहण्यात आजवर हे दोन्ही आकडे एका वेळी कुणालाच ठाऊक नव्हते. पहिल्याचं उत्तर ‘असेल दोन-अडीचशे किलो’ असं येतं. गोदरेजचं कपाट असो, टेम्पोचं इंजिन असो, नाहीतर देवळाची घंटा असो, आमच्याकडे सगळ्याच वस्तू दोन-अडीचशे किलोंच्या असतात. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे गर्डरवर हाताने दोन थापा मारणं.

घोडीचा जन्म बोअरच्या मोटरमुळे झाला. मोटर जळली, ती काढायला माणसं बोलावली, त्यांनी मजुरी सांगितली, आणि मामा म्हणाले, ‘एवढ्यात मी घोडी बनवतो.’ बनवली. किती खर्च आला हे मामींसमोर बोलायचं नसतं. पण मोटर काढायला गेल्यावर लक्षात आलं की बोअरमधले पाइप २० फुटी आणि घोडी १० फुटी. मोटर काढणारे लोक आपल्या तिपाया उगाच उंच बांधत नाहीत. एक अख्खा पाइप उभा वर आला पाहिजे, मग खाली क्लॅम्प मारायचा, आटे सोडायचे, पाइप बाजूला, पुन्हा पुढचा. मामांनी तोडगा काढला: प्रत्येक पाइप दोन हप्त्यांत काढायचा. निम्मा वर घ्यायचा, क्लॅम्प मारायचा, हूक खाली आणायचा, पुन्हा पकडायचं, उरलेला निम्मा वर घ्यायचा.

चेनकप्पीचा हिशेब सरळ आहे. ती ताकद फुकट देत नाही, हप्त्याने देते. टनभर वजन तीस-पस्तीस किलोंच्या ओढीने उचललं जातं खरं, पण ते मीटरभर वर जायला हातातली साखळी चाळीसेक मीटर ओढावी लागते. बोअर २०० फुटांची. म्हणजे मोटर वर येईपर्यंत मामांच्या हातांतून जवळजवळ अडीच किलोमीटर साखळी गेली. डहाणू रोड स्टेशनवरून निघालेला माणूस एवढ्यात पारनाक्याच्या समुद्रावर पोचून पाय ओले करत बसला असता.

शिवाय मामा एकटे नव्हते. साखळी ओढायला एक माणूस लागतो आणि बघायला किमान सहा. बघणाऱ्यांची कामं वाटलेली असतात. एक जण ‘घे, घे, अजून घे’ म्हणतो. दुसरा त्याच वेळी ‘बास, बास!’ म्हणतो. तिसरा वाकून भोकात बघतो आणि काहीच बोलत नाही, त्यामुळे सगळे त्याच्याकडे आदराने बघतात. चौथ्याने अशीच एक मोटर सुटून परत बोअरमध्ये पडलेली पाहिलेली असते आणि ती गोष्ट सांगायला त्याला हीच वेळ मिळते. पाचवा गुजरातेतून आलेला पाहुणा, तो दर पाच मिनिटांनी ‘चालसे, चालसे’ म्हणून धीर देतो. सहावा सायकल टेकवून नुसता उभा असतो. काम संपल्यावर चहा मात्र त्यालाच आधी मिळतो, कारण तो दाराजवळ उभा असतो.

ह्या गडबडीत चेनकप्पीचा आवाज ऐकण्यासारखा असतो. वजन वर जाताना आतलं कुत्रं, म्हणजे चाक उलटं फिरू न देणारी खिट्टी, दातांवरून उड्या मारतं आणि कट-कट-कट वाजत राहतं. हात सोडला तरी ब्रेक धरून ठेवतो, वजन जागच्या जागी. खाली घेताना मात्र ती एकदम गप्प होते. मामा डोळे मिटून सांगतात, वजन चढतंय की उतरतंय.

मोटर दुरुस्त होऊन परत खाली गेली. ह्या वेळी काळा प्लॅस्टिकचा पाइप जोडून. तो वाकतो, त्यामुळे चार माणसांनी खांद्यावर घेतला आणि चालत चालत बोअरमध्ये सोडला. घोडीची गरजच पडली नाही. पुढेही कधी पडणार नव्हती. घोडीचं आयुष्य खऱ्या अर्थाने सुरू झालं ते इथून. ज्या कामासाठी बनवली ते काम संपलं, घोडी उरली, आणि माणसाच्या अंगणात उचलायचं यंत्र उभं असलं की त्याला जगातली प्रत्येक वस्तू जमिनीवर पडून आहे असं दिसू लागतं.

आधी शेजाऱ्याच्या टेम्पोचं इंजिन. मग कुणाचा तरी पाण्याचा हौद. मग मामींच्या माहेरचं लोखंडी कपाट, पहिल्या मजल्यावर. ह्या कामाला घोडी उपयोगाची नव्हती, म्हणून मामांनी माळ्याच्या सागवानी वाशाला एक साधी कप्पी अडकवली, दोर टाकला आणि तिघांना खाली ओढायला लावलं. कप्पी लावली की वजन हलकं होतं अशी सर्वांची प्रामाणिक समजूत असते. एका जागी अडकवलेल्या कप्पीने एक ग्रॅमही हलकं होत नाही. फक्त वर ओढायच्या ऐवजी खाली ओढायची सोय होते. उलट वाशाला दुप्पट सोसावं लागतं. एका बाजूला कपाट लोंबतं, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच जोराने तिघं जण लोंबतात, आणि दोन्ही ओझी त्या बिचाऱ्याच्या माथी. वासा करकरला. मामींनी खालून विचारलं, ‘अहो, कपाट वर येतंय की घर खाली येतंय?’

मामा लगेच थांबले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मग त्यांनी दुसरी कप्पी कपाटालाच बांधली आणि दोराचं टोक वर आणून अडकवलं. आता कपाट दोराच्या दोन पदरांवर आलं, ओढ निम्म्यावर उतरली, दोर दुप्पट ओढावा लागला. प्लूटार्कने लिहून ठेवलंय की आर्किमिडीजने अशाच कप्प्यांच्या जोरावर राजा हिएरोसमोर भरलेलं जहाज एकट्याने ओढून दाखवलं. त्याला मामी नव्हत्या, एवढं गृहीत धरायला हरकत नाही.

पण मामांचा खरा मान वाढला तो म्हशीमुळे. उन्हाळ्याचे दिवस, विहिरीचं पाणी आटलेलं, आणि शेजारच्या वाडीतली म्हैस आत पडली. विहीर खोल नव्हती. म्हैस धडधाकट, चिखलात उभी, वर बघत. बोलावणं आलं. घोडीची चाकं काढून चारही पाय कठड्याबाहेर फळ्यांवर रोवले, आणि मग नेहमीचा प्रश्न निघाला, वजन किती? मालक म्हणाला, ‘सकाळ-संध्याकाळ मिळून बारा लिटर.’ सल्लागारांपैकी एकाने, अर्थातच, दोन-अडीचशे किलो सांगितलं. जनावरांचे डॉक्टर येऊन पोचले होते, ते म्हणाले की पाचशेच्या खाली नाही. मामांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि चेनकप्पीला ग्रीस लावलं.

ट्रकवर माल आवळायचे रुंद पट्टे आणले. एक पुढच्या पायांमागून, एक कासेच्या पुढून. डॉक्टरांनी ते कुठे बसले पाहिजेत हे बोट ठेवून दाखवलं. पट्टे आखूड पडत होते; ताणून हूकला कसेबसे पोचत होते, पण फार फाकून. इथे मी मामांना पहिल्यांदा गंभीर झालेलं पाहिलं. ‘नाही चालणार,’ म्हणाले. ‘हूक उंच ठेव. पट्टा लांब घे.’ पाहुणा ‘चालसे’ म्हणाला, त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. कारण दोन पट्टे सरळ उभे असले तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी म्हैस येते. जसजसे फाकतात तसतसा ताण वाढतो, आणि दोघांमधला कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक पट्ट्यावर अख्खी म्हैस. मामांना अंश-बिंश माहीत नाहीत, त्यांना कंपनीत तुटलेले पट्टे माहीत आहेत. जोड लावून पट्टे लांब केले. साखळी कट-कट वाजू लागली आणि म्हैस हळूहळू, रवंथ न थांबवता, भुईच्या वर आली. कठड्याच्या पातळीला आल्यावर तिने मामांच्या डोक्याच्या उंचीवरून एक सविस्तर पो टाकला. टाळ्या वाजल्या. त्या म्हशीसाठी होत्या की मामांसाठी, ह्यावर आजही दोन मतं आहेत.

तेव्हापासून मामा खाजगी राहिले नाहीत. माणसं वेळी-अवेळी येतात. जॅक मागायला तर रोज. मामांच्या पडवीत बाटलीजॅकची रांग आहे, दोन टनांपासून वीस टनांपर्यंत. काही विकत घेतलेले, काही कुणी गहाण म्हणून ठेवून परत न नेलेले. नेणाऱ्याला एकच ताकीद मिळते: उभा वापर. बाटलीजॅक आडवा टाकला की आतलं तेल पंपाच्या तोंडापासून सरकतं आणि तो नुसती हवा खातो, मग लोक म्हणतात मामांचा जॅक बिघडलेला. वीस टनांचा जॅक एका चौकटीत बसवून मामांनी बेअरिंग दाबायचा प्रेस केला आहे. एका उन्हाळ्यात, कर्तबगारी घरालाही दिसावी म्हणून, त्यांनी दोन पोलादी तबकड्यांमध्ये उडदाची लाटी ठेवून दांडा मारला. पापड निघाला तो इतका पातळ की त्यातून वर्तमानपत्र वाचता येत होतं. तबकडीपासून मात्र तो सुटला नाही. मामींनी तो तिथेच वाळू दिला आणि आल्यागेल्याला दाखवला.

ह्या प्रकारावर सरकारचं काही लक्ष? कारखान्यांवर आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २९ सांगत असे की उचलायच्या प्रत्येक यंत्रावर, साखळीवर आणि दोरावर किती वजन चालेल ते लिहिलेलं असावं, त्याहून जास्त टांगू नये, आणि बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम माणसाकडून कसून तपासून घ्यावं. मामांना हे तोंडपाठ आहे; नोकरीत असताना दर वर्षी तपासणी झाली की ते स्वतः हूकला नवा रंग देत. पण घरची पडवी कारखान्यात मोडत नाही, म्हणून वार्षिक तपासणी खंडेनवमीला होते. घोडी धुतात, साखळी डिझेलने पुसतात, हूकला हळद-कुंकू लावून झेंडूची माळ घालतात. हूक उघडलाय का, कडी झिजलीय का, हे मामा त्याच वेळी बोट फिरवून बघतात, आणि मला वाटतं पूजेचा मूळ हेतू तोच असावा. नारळ हूकवर फोडायला मात्र सक्त मनाई. सक्षम व्यक्ती म्हणून मामी हजर असतातच. टांगलेल्या वजनाखालून जायचं नाही, हा ह्या धंद्यातला पहिला नियम त्या सर्वांत काटेकोरपणे पाळतात: वजन असो नसो, त्या घोडीखालून जातच नाहीत, वळसा घालून तुळशीपाशी येतात.

मध्यंतरी जावयांनी ऑनलाइन मागवलेला विजेचा छोटा होइस्ट भेट दिला. पिवळाधमक, बटणाचा. डब्यावर मोठ्या अक्षरांत ४०० किलो. मामांनी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली: हूक सरळ टांगला तर २०० किलो, सोबतची कप्पी लावून दोर दुमडला तर ४००, निम्म्या वेगाने आणि निम्म्या उंचीला. आर्किमिडीजचं भांडवल, जावयांचे पैसे. मामा जावयांसमोर म्हणाले, ‘छान आहे.’ नंतर मला म्हणाले, ‘लाइट गेली की?’ तलासरीकडे हा प्रश्न विचारला की पुढे वाद होत नाही. तो होइस्ट आता माळ्यावर आहे. तो माळ्यावर चढवायला चेनकप्पी वापरली.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले, धुंदलवाडीच्या आसपास जास्त. थंडीत लोक घराबाहेर झोपू लागले, तंबू आले, पुढे शास्त्रज्ञांची यंत्रं आली. भीती खरी होती. घरांच्या भिंतींना तडे गेले होते आणि रात्र सरता सरत नसे. त्या काळात आमच्या पाड्यावर मामांच्या अंगणातला हूक हे अधिकृत यंत्र होतं. काही हलल्यासारखं वाटलं की माणसं विजेरी घेऊन घोडीपाशी जमत. हूक हलत असला तर भूकंप, नसला तर महामार्गावरून अवजड गाडी गेली. हूक वाऱ्यानेही हलतो, हे बोलायचं धाडस कुणी केलं नाही. मामा गंभीरपणे बोटाने हूक स्थिर करत आणि पुढच्या धक्क्यासाठी यंत्र पुन्हा सज्ज होई. एवढ्या माणसांत उभं राहिलं की मग झोप येत असे, हे मात्र खरं.

किनाऱ्यावर ही उचलाओढायची विद्या वेगळ्या रूपात आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, तेव्हा झाई, डहाणू, चिंचणीच्या होड्या वर ओढून ठेवायच्या असतात. खाली ओंडके, पुढे दोर, आणि एका लयीत ओढणारी माणसं. आता बऱ्याच ठिकाणी जेसीबी येतो. जेसीबी आला की बघणाऱ्यांची संख्या तेवढीच राहते, ओढणाऱ्यांची शून्यावर येते. बाकी सल्ले तेच.

२०२५ मध्ये डहाणू तालुक्यातच साखरे गावात बुलेट ट्रेनचा महाराष्ट्रातला पहिला अखंड गर्डर खांबांवर चढवला. लांबी ४० मीटर, वजन ९७० टन. मामांनी ही बातमी दोनदा वाचून घेतली. ‘नऊशे सत्तर? म्हणजे यांना आकडा माहीत आहे?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात थोडी नाराजी होती. उचलायचं किती आणि पेलवेल किती, दोन्ही आधी ठरलेलं. मग उरलं काय?

तरी त्यांना बघायचं होतंच. मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. कुंपणाच्या बाहेरून, लांबून, ते राक्षसी यंत्र दिसत होतं: पोलादी पाय, वर आडवं धूड, खाली हारीने चाकं. मामा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘घोडीच आहे.’ त्यानंतर चाकं न्याहाळली. सगळी सारख्या मापाची होती, ह्यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. आत माणसं आपापल्या जागी उभी होती, कुणी ‘घे, घे’ म्हणत नव्हतं, कुणी ‘बास’ म्हणत नव्हतं. मामांना हे अशुभ वाटलं असावं.

फाटकापाशी पहारेकरी होता, यूपीकडचा. मामांनी त्याला तंबाखू दिली. त्याने ती घेतली आणि आत सोडता येणार नाही असं नम्रपणे सांगितलं. मामांना आत जायचंच नव्हतं. त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, ‘भैया, लाइन बन जाने के बाद इसका क्या करेंगे?’

पहारेकरी म्हणाला, मालूम नहीं.

‘पूछके रखो,’ मामा म्हणाले. ‘किलो पे देंगे, तो वो ऊपरवाला हूक मेरे को चाहिए.’